गाडी स्मूथ, मग बोटांना मुंग्या का?

‘चार सिलिंडरची गाडी आहे, डॉक्टर. इतकी स्मूथ, तरी बोटं बधिर होतात!’ ओपीडीत ही तक्रार ऐकू येते. त्यात विसंगती नाही.

१९६९च्या होंडा सीबी७५०सारख्या गाड्यांत चारही सिलिंडर एका ओळीत असतात. दोन पिस्टन वर जाताना दोन खाली येतात, त्यामुळे मोठे धक्के एकमेकांना मारतात. पण पिस्टन वरच्या टप्प्यात अधिक वेगाने धावतो. त्यातून फेऱ्यांच्या दुप्पट गतीची बारीक थरथर उरते. मिनिटाला ६००० फेऱ्या असतील, तर सेकंदाला २०० कंप. बोटांतील कंप टिपणारे सूक्ष्म संवेदक याच्याच आसपास सर्वाधिक तीक्ष्ण असतात. गोल्डविंगच्या पहिल्या मॉडेलमध्ये चार सिलिंडर समोरासमोर आडवे होते. तिथे ही थरथरही बरीच कमी होते.

हँडल आवळून धरू नका. तासाभराने थांबा, बोटे हलवा. मुंग्या काही मिनिटांत गेल्या, तर घाबरू नका. मात्र रात्री बधिरपणाने जाग येत असेल, थंडीत बोटे पांढरी पडत असतील किंवा हातातून वस्तू निसटत असतील, तर डॉक्टरांना दाखवा. मनगटात दबलेली नस किंवा मधुमेहही कारण असू शकतो. सगळा दोष इंजिनावर टाकू नका.