आजोबांचं रिव्हॉल्व्हर कुणाचं?

खंडेनवमीला कोल्हापुरातल्या जुन्या घरांत हत्यारं पाटावर येतात. तलवार, कट्यार, दांडपट्टा यांच्या शेजारी, ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांच्याकडे बंदूकही असते, आणि क्वचित एखाद्या घरी रिव्हॉल्व्हर. संस्थानच्या काळात कुणा सरदाराने, इनामदाराने किंवा पलटणीतल्या अधिकाऱ्याने ते खास मागवलेलं असतं. मुठीवर हस्तिदंत, चौकटीवर कोरलेली वेलबुट्टी, नळीवर कारागीर कंपनीचं नाव, कुठे मालकाची आद्याक्षरं. हळदकुंकू लागतं, झेंडू वाहिला जातो, दुसऱ्या दिवशी दसरा चौकात शमीपूजन होतं आणि हत्यार पुन्हा कुलपात जातं. घरची माणसं त्याला घराण्याची वस्तू मानतात, पैठणीसारखी किंवा कोल्हापुरी साजासारखी पुढच्या पिढीकडे आपोआप जाणारी. कायदा तसं मानत नाही. कायद्याच्या लेखी लोखंडाचा वारसा होतो, ते जवळ बाळगण्याच्या मुभेचा होत नाही. माझ्या मते या मुद्द्यावर कायदा बरोबर आहे आणि तो कोल्हापूरच्या परंपरेशी विसंगतही नाही. तो कमी पडतो ते दुसरीकडे: ज्या वारसाला हत्यार चालवायचं नाही, नुसतं जपायचं आहे, त्याला तो पुरेशी वाट दाखवत नाही.

आधी हे यंत्र नीट पाहायला हवं, कारण निम्मा युक्तिवाद त्याच्या पोलादातच आहे. ब्रिटिश सैन्यातल्या अधिकाऱ्यांना आपलं रिव्हॉल्व्हर स्वतःच्या पैशाने घेण्याची मुभा होती. अट एवढीच की त्यात सरकारी .455 बोअरचं काडतूस बसलं पाहिजे. त्यामुळे बर्मिंगहॅमच्या वेब्लीचं यंत्र आणि लंडनच्या विल्किन्सनचं फिनिशिंग अशी उंची हत्यारं बाजारात आली, आणि हिंदुस्थानातल्या संस्थानिकांनी व सरदारांनीही ती घेतली. वेब्लीची रचना मधोमध मोडणारी. चौकटीच्या डाव्या बाजूचा खटका अंगठ्याने दाबला की नळी बिजागरीवर खाली झुकते, चक्राच्या मध्यातून चांदणीच्या आकाराचा तुकडा वर उचलला जातो आणि सहाही रिकामी काडतुसं एकदम बाहेर पडतात. नळी पूर्ण खाली झुकली की तो तुकडा आपोआप आपल्या जागी परत जातो. चाप ओढताना आतला छोटा पंजा चक्राला एक घर पुढे ढकलतो, खालची कळ ते घर नळीच्या बरोबर समोर अडवते आणि मगच घोडा पडतो. हे सगळं एका ओढीत, क्षणाच्या अंशात होतं. हातकामाचं रिव्हॉल्व्हर महाग पडायचं ते या जुळणीमुळे, वेलबुट्टी नंतरची. कारागीर पंजाचं टोक कानसून कानसून चक्र नेमकं थांबेल असं करत असे, चापाचा ताण गिऱ्हाइकाच्या बोटाला मानवेल इतपत आणत असे, मूठ त्याच्या तळव्याच्या मापाची करत असे.

म्हणजे ही वस्तू एका माणसाच्या हातासाठी घडलेली असते. पंजा झिजला, कळ सैल झाली की चक्र केसभर अलीकडे किंवा पलीकडे थांबतं. मग गोळी नळीच्या तोंडाशी घासते आणि शिशाचे कण बाजूला उडतात. शंभर वर्षांच्या कमानीचा ताण कुठे संपतो हे डोळ्यांना दिसत नाही. काळ्या दारूच्या दाबावर तपासून दिलेल्या जुन्या हत्यारात आजचं बिनधुराचं काडतूस घालणं तर उघड धोक्याचं. यावर कोल्हापुरात सहज येणारं उत्तर असं की उद्यमनगरच्या कारखान्यातला कुशल टर्नर तसाच्या तसा भाग करून देईल. करून देईलही, हातात ती कला आहेच. पण 1959च्या शस्त्र कायद्याचं पाचवं कलम बंदूक बनवण्याइतकंच ती दुरुस्त करणं, तिच्यात बदल करणं आणि तिची चाचणी घेणं यांनाही परवाना लावतं. शेतीपंपाचा दट्ट्या नवा करणं आणि रिव्हॉल्व्हरचा पंजा नवा करणं यांत लेथच्या दृष्टीने फारसं अंतर नाही, कायद्याच्या दृष्टीने मात्र मधे तुरुंग आहे. ‘आपल्या मापाचं नवं रिव्हॉल्व्हर घडवून घेऊ’ ही हौस तर इथे परवाना नसलेल्या कुणाही कारागिराकडून कायदेशीरपणे भागणारी नाही.

दुसरी अडचण बोअरची. शस्त्र नियमांच्या वर्गवारीत .380 आणि .455चं रिमवालं काडतूस, किंवा 9 मिमी आणि .45चं सैनिकी काडतूस ज्यात बसतं असं कुठलंही पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर पहिल्या, सर्वांत कडक गटात मोडतं. त्याचा परवाना जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात नसतो, केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जावं लागतं. आजोबांनी अभिमानाने घेतलेलं लष्करी जातीचं वेब्ली नेमकं याच गटात येतं. सामान्य नागरिकाच्या वाट्याला .32 बोअर आलं ते यामुळे, आणि कानपूरच्या सरकारी कारखान्याने .32चं रिव्हॉल्व्हर वेब्लीच्याच आराखड्यावरून काढलं तेही यामुळे. ‘आता ते अँटिक झालं’ हा बचावही टिकत नाही. कलम 45 कायद्याबाहेर ठेवतं ते जुनाट घडणीचं, पुराणवस्तूचं मोल असलेलं किंवा मोडकं हत्यार, पण अट अशी की ते दुरुस्ती करून वा न करता बंदूक म्हणून वापरता येण्याजोगं नसावं. नुसतं वय पुरत नाही. 1910 सालचं रिव्हॉल्व्हर आजही गोळी झाडत असेल तर ते बंदूकच, आणि ते विनापरवाना घरात ठेवण्याची शिक्षा 2019च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षांची कैद. हत्यार कायद्याच्या व्याख्येत ‘निषिद्ध’ ठरलं तर किमान सात.

आता वारसाचा प्रश्न. 2016च्या शस्त्र नियमांतला पंचविसावा नियम या बाबतीत बराच समजूतदार आहे. परवानाधारक वारला तर त्याच्या कायदेशीर वारसाला परवाना देता येतो. तो हयात असतानाही, त्याने सत्तरी गाठली किंवा हत्यार पंचवीस वर्षं सांभाळलं, यांतलं जे आधी घडेल तेव्हा, तो आपला वारस सुचवू शकतो. पण वारसाची पात्रता आणि पोलीस अहवाल यांतून सुटका नाही. परवाना मिळेपर्यंत हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. कलम 21 वारसाला ते विकून पैसे घेण्याचीही सोय देतं, आणि मुदतीत काहीच केलं नाही तर ते सरकारजमा होऊ शकतं. यावर पहिला आक्षेप मालमत्तेचा: बापाचं घर मिळतं, शेत मिळतं, मग हत्यार का नाही? हत्यारही मिळतंच. वडिलांची मोटार मुलाच्या नावावर होते, त्यांचं ड्रायव्हिंग लायसन्स होत नाही, आणि त्यात कुणाला अन्याय वाटत नाही. वडील थंड डोक्याचे होते यावरून मुलगा तसाच निघेल असं गृहीत धरणं हेच खरं धाडस ठरेल.

दुसरा आक्षेप इतिहासाचा आहे, आणि तो कोल्हापुरात जास्त धारदार होतो. परवाना पद्धत इंग्रजांनी आपल्याला निःशस्त्र करण्यासाठी आणली, तीच आपण अजून का वाहतो, असं विचारलं जातं. या विचारण्याला इथे पुरावा आहे. 1844 साली सामानगड, पन्हाळा, भुदरगड इथल्या वंशपरंपरागत गडकऱ्यांनी आपले हक्क गेल्यावर उठाव केला, तो मोडल्यावर किल्ल्यांची तटबंदी पाडली गेली. 31 जुलै 1857ला कोल्हापुरातली 27वी पलटण उठली. डिसेंबरमध्ये पुन्हा उठाव झाला आणि छत्रपतींचे बंधू चिमासाहेब यांना हद्दपार करून कराचीला नेण्यात आलं. व्हाइसरॉय लिटनच्या अमदानीतल्या 1878च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवाना लावला आणि गोऱ्याला सूट दिली. हा राग खरा आहे. पण त्या कायद्याचं पाप भेदभावात होतं. राज्यकर्त्याच्या कातडीवरून सूट देणं वेगळं आणि हातात मृत्यू घेऊन फिरणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करणं वेगळं. 1959च्या कायद्याने पहिलं टाकलं, दुसरं ठेवलं. शेजारच्या कर्नाटकातल्या कोडगूत कोडवा समाजाला परवान्यातून सूट आहे, 2019ला ती दहा वर्षांनी वाढली, हेही कोल्हापुरात ऐकवलं जातं. ती एका समाजाला दिलेली, ठराविक मुदतीची मुभा आहे. शिवाय गडकऱ्याचं हत्यार गडाच्या चाकरीशी बांधलेलं होतं: हजेरी, पहारा, गडाची जबाबदारी. चाकरी गेल्यावर नुसतं हत्यार घरी राहिलं, याला गडकरीपण म्हणत नाहीत.

तिसरा आक्षेप संरक्षणाचा, आणि ‘जवळ बाळगायचं’ हा विचार इथूनच येतो. सोनं-चांदीचा व्यवहार करणारा माणूस किंवा रात्रीअपरात्री एकटा प्रवास करणारा उद्योजक भीती बोलून दाखवतो तेव्हा ती खोटी म्हणता येणार नाही. जिवाच्या रक्षणासाठी बळ वापरण्याचा हक्क भारतीय न्याय संहितेतही आहे. पण त्या हक्कासाठी आजोबांचं रिव्हॉल्व्हर हे सर्वांत वाईट साधन आहे. ते सहा घरांचं, जड, झिजलेलं, काडतुसांच्या टंचाईमुळे सरावाशिवाय राहिलेलं असतं, आणि ज्याला सराव नाही त्याच्या हातातलं हत्यार पहिल्या झटापटीत हल्लेखोराच्या हातात जातं. ज्याला खरंच गरज आहे त्याने ती अधिकाऱ्यांपुढे सिद्ध करून नवं घ्यावं. कानपूरच्या कारखान्याने जानेवारी 2014मध्ये ‘निर्भीक’ हे साधारण अर्ध्या किलोचं .32 रिव्हॉल्व्हर 1,22,360 रुपयांना बाजारात आणलं, ते स्त्रियांच्या संरक्षणासाठी म्हणून. त्याच्या उपयोगाबद्दल मला शंका आहेच, पण निदान त्याच्या कमानीचं वय माहीत असतं. आणि बाळगायचं म्हणजे मिरवायचं नव्हे, हे 2016च्या नियमांत स्वच्छ लिहिलं आहे: सार्वजनिक जागी रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात असलं पाहिजे, ते नाचवणं किंवा झाडणं याला सक्त मनाई. वरातीत हवेत गोळ्या झाडणाऱ्याला आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कमरेला लावलेलं वेलबुट्टीचं हत्यार फ्लेक्सवर झळकवणाऱ्याने हे वाचलेलं बरं.

कोल्हापूरचा आजचा शस्त्रवारसा कुठे आहे हे पाहायचं तर नेमबाजीकडे पाहावं. 2010 साली म्युनिकला तेजस्विनी सावंत 50 मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली. 2018च्या आशियाई स्पर्धेत राही सरनोबत 25 मीटर पिस्तुलात सुवर्णपदक जिंकणारी पहिली भारतीय महिला नेमबाज ठरली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024ला पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्य मिळवलं. यांपैकी कुणाचीही कर्तबगारी वाड्यातल्या संदुकीतून आलेली नाही. ती वर्षानुवर्षं श्वासावर, खांद्यावर आणि बोटावर केलेल्या मेहनतीतून आली. मर्दानी खेळाच्या आखाड्यातही हाच क्रम आहे, आधी पवित्रा आणि लाठी, मग पट्टा. हत्यार हाती येण्याआधी शरीर तयार झालं पाहिजे ही या मातीची शिस्त आहे, आणि परवान्याची चौकशी तिच्याशी अजिबात विसंगत नाही.

मग उरतो तो वारस, ज्याला चालवायचं नाही, मिरवायचंही नाही, पण आजोबांची वस्तू टाकवत नाही. त्याची पंचाईत खरी आहे. 2019ला मूळ विधेयकात प्रत्येकी एकच हत्यार ठेवायचं होतं, विरोध झाल्यावर मर्यादा दोनवर आली, आणि वारशाने आलेलं हत्यारही त्या दोनांतच धरायचं असं कायद्याने बजावलं. म्हणजे वडिलांच्या दोन बंदुका आणि आजोबांचं रिव्हॉल्व्हर एकाच मुलाकडे आलं तर एक जाणारच. निवडणूक आली की हत्यार जमा करण्याचे आदेश निघतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2009ला हे सरसकट नको, समितीने प्रत्येकाची छाननी करून ठरवावं, असं सांगितलं; तरी हत्यारासोबत ठाण्याच्या फेऱ्या येतातच. मूठ हस्तिदंती असेल तर वन्यजीव कायदाही लागतो, वारशाने मिळालेल्या अशा वस्तूची माहिती नव्वद दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांना द्यावी लागते. हे बहुतेक वारसांना कुणी सांगितलेलंही नसतं.

अशा घरांसाठी कलम 45चीच वाट मोठी करायला हवी. परवानाधारक कारागिराकडून नळी आतून वेल्ड करून बुजवावी, चक्राची घरं भेदावीत, घोड्याची टोचणी कापावी, म्हणजे पुन्हा कधीच गोळी सुटणार नाही. त्याचा दाखला मिळावा, आणि ही सोय जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेने मृत्यूनंतर येणाऱ्या प्रत्येक वारसाला समोरून सांगावी. संग्राहक यावर हळहळतात, त्यांच्या मते असं केल्याने यंत्राचा जीव जातो. ती हळहळ मला कळते. तो पंजा कुणीतरी डोळ्यांत तेल घालून घासलेला असतो. पण वेलबुट्टी राहते, मूठ राहते, आद्याक्षरं राहतात, आणि मुख्य म्हणजे वस्तू घरात राहते. ज्यांना यंत्र अखंडच ठेवायचं आहे त्यांनी ते संग्रहालयाला देण्याचा विचार करावा. न्यू पॅलेसच्या संग्रहात छत्रपती घराण्याची शस्त्रं लोकांना पाहायला मिळतात. राजाराम रायफल्स ही कोल्हापूरची पलटण पुढे 19 मराठा लाइट इन्फंट्री झाली. त्या पलटणीतल्या अधिकाऱ्यांची खासगी हत्यारं मात्र घरोघर विखुरली, आणि त्यांच्याबरोबर त्यांची हकीकतही. देताना नुसतं हत्यार देऊ नये. जुनी परवाना-वही, नूतनीकरणाचे शिक्के, खरेदीची पावती, चौकटीवरचा क्रमांक, कुणाकडून कुणाकडे आलं याची घरच्या थोरांनी लिहून दिलेली नोंद, हे सगळं सोबत जोडावं. या कागदांना परवाना लागत नाही, आणि त्यांच्याशिवाय काचेमागचं वेब्ली कारखान्यातल्या दुसऱ्या कुठल्याही वेब्लीसारखंच दिसतं.