उलट्या हिशेबाचा नदीप्रवास

अमेरिकेतल्या युटा राज्याच्या आग्नेय भागात वर्षाला 25 सेंटिमीटरही पाऊस पडत नाही. तरीही तिथल्या तांबड्या खडकांमधून एक मोठी नदी बारा महिने वाहते. तिचं नाव ग्रीन. तिचं पाणी त्या मुलखातलं नाहीच. ते वायोमिंगच्या विंड रिव्हर पर्वतरांगेतल्या बर्फातून निघतं, सुमारे 1,175 किलोमीटर चालत येतं आणि कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानाच्या मधोमध कोलोरॅडो नदीला मिळतं. वाळवंट या नदीला जवळजवळ काहीच देत नाही. अवचित आलेल्या वादळी पावसात गाळ तेवढा भरभरून देतं.

अमेरिकेत मुलांकडे गेलेले आईवडील हल्ली हौसेने ही उद्यानं पाहून येतात. ‘आयलंड इन द स्काय’ पठाराच्या कड्यावर गाडी थांबते, खूप खाली नदीचा वळणदार पट्टा दिसतो, फोटो निघतात आणि गाडी पुढच्या ठिकाणाकडे लागते. त्या पट्ट्यावरून स्वतःची होडी स्वतः वल्हवत, वाटाड्या न घेता, चार ते नऊ दिवस जाता येतं, हे त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. त्यासाठी कसलेला खेळाडू असावं लागत नाही. हिशेब मात्र पक्का लागतो, आणि तो शेवटाकडून सुरुवातीकडे मांडावा लागतो.

दोन घळी, एक फाटक

ग्रीन रिव्हर याच नावाचं एक लहान गाव महामार्गालगत आहे. तिथल्या राज्य उद्यानाच्या धक्क्यावरून होडी पाण्यात उतरवली की कोलोरॅडोचा संगम 120 मैलांवर, म्हणजे सुमारे 193 किलोमीटरवर असतो. या नदीवर अंतर मैलातच मोजतात, आणि तेही संगमापासून उलटं: संगम शून्यावर, गाव 120 वर. नकाशातला आकडा रोज कमी होत जातो, म्हणजे शेवट किती दूर आहे ते नदीच सांगत असते.

या अंतराचे दोन भाग पडतात. गावापासून मिनरल बॉटम या धक्क्यापर्यंतचे 68 मैल ही लॅबिरिंथ घळ. तिथून संगमापर्यंतचे 52 मैल ही स्टिलवॉटर घळ. पहिल्या भागावर केंद्राच्या भूव्यवस्थापन विभागाची देखरेख असते आणि परवाना मोफत मिळतो. दुसरा भाग राष्ट्रीय उद्यानात येतो. तिथे मुक्कामी परवाना पैसे भरून, आगाऊ घ्यावा लागतो. दोन्ही घळींत खळाळ म्हणावा असा एकही नाही. वल्हं कसं धरायचं ते पहिल्याच दिवशी हाताला कळतं.

मिनरल बॉटमला गाडीरस्ता येतो. कड्यावरून वळणावळणाने उतरणारा हा कच्चा घाट 2010 च्या ऑगस्टमधल्या वादळाने वाहून गेला होता आणि पुढच्या वर्षी पुन्हा बांधला गेला. रस्त्याने परत जाण्याची सोय इथेच संपते. संगमापर्यंत कोणताही रस्ता जात नाही. संगमाच्या चार मैल खाली, कोलोरॅडोच्या उजव्या काठावर स्पॅनिश बॉटम नावाचं पटांगण आहे. तिथे मोआब गावाहून वेगवान जेटबोट येते, माणसं आणि होड्या वर चढवून घेते आणि प्रवाहाच्या उलट दिशेने पोटॅशच्या धक्क्यापर्यंत नेते. ती बोट आधी ठरवावी लागते. तिची जागा नक्की झाल्याशिवाय उद्यानाचा परवाना मागण्यात अर्थ नाही.

बोट चुकली तर काय, याचं उत्तर स्पॅनिश बॉटमच्या थोडं खाली ऐकू येतं. तिथून कॅटरॅक्ट घळ सुरू होते. तिच्यातल्या लाटा शांत पाण्यासाठी बनवलेल्या लांब कयाकला आणि सामानाने भरलेल्या कनूला झेपणाऱ्या नाहीत. त्या घळीचा परवाना वेगळा, होड्या वेगळ्या आणि माणसंही वेगळी. म्हणून ज्या दिवशी बोट येणार, त्याच्या आदल्या संध्याकाळी स्पॅनिश बॉटमवर पोचलेलं असायचं. तिथून मागे मोजत यायचं: दिवसाला 15 मैल धरले तर स्टिलवॉटरला चार दिवस, आणि वाऱ्यासाठी अर्धा दिवस राखीव. एवढं ठरलं की उतरायची तारीख आपोआप ठरते.

चार लिटरचा नियम

वाळवंटी नदीवर पाण्याच्या मधोमध बसून पाण्याची चणचण जाणवते. माणशी दिवसाला किमान चार लिटर पाणी बरोबर न्यावं, असा तिथला साधा नियम आहे. पाच दिवसांचे माणशी 20 लिटर, म्हणजे होडीत 20 किलो वजन फक्त पाण्याचं. जूनच्या शेवटापासून ऑगस्टपर्यंत पारा 38 अंशांच्या वर सहज जातो. तेव्हा हा आकडाही अपुरा पडतो.

मग नदीचंच पाणी गाळून का प्यायचं नाही? पिता येतं, पण थेट नाही. त्यात इतका बारीक गाळ असतो की हातपंपाचं फिल्टर थोड्याच वेळात तुंबतं. जुने नदीकर बादलीत पाणी भरून रात्रभर ठेवतात, आणि घाई असेल तर त्यात तुरटी घालतात. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की आपल्या आज्या घागरीत तुरटीचा खडा फिरवायच्या, तीच युक्ती. गाळ तळाशी बसला की वरचं निवळ पाणी अलगद काढून फिल्टर करायचं किंवा उकळायचं. तुरटी गाळ बसवते, जंतू मारत नाही, हे विसरायचं नाही.

बरोबर नेलेलं परत आणण्याचा हिशेबही तितकाच काटेकोर असतो. विष्ठा पुरता येत नाही. कोरड्या वाळूत ती कुजत नाही, आणि वाळूच्या त्याच मोजक्या पट्ट्यांवर वर्षभर माणसं उतरत असतात. म्हणून प्रत्येक गटाने हवाबंद झाकणाचा संडासाचा डबा किंवा खास पिशव्या बरोबर न्यायच्या आणि भरलेल्या परत आणायच्या. शेकोटी पेटवायची ती जमिनीवर नाही, लोखंडी परातीत. राखही परत न्यायची. याउलट लघवी थेट नदीत किंवा पाण्याकाठच्या ओल्या वाळूत करायला सांगतात. कोरड्या जागी केली तर पाऊस नसल्याने मुक्कामाला महिनोन्‌महिने वास राहतो. मोठ्या नदीत ती विरून जाते. भांड्यांचं पाणीही खरकटं गाळून नदीतच टाकायचं. नदीत घाण टाकू नये हे ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हा नियम आधी अवघडच वाटतो.

पाण्याची तारीख

कधी जायचं हे नदीच्या पातळीवर ठरतं. धरणांच्या बातम्या वाचून क्युसेकचा अंदाज आपल्याला असतोच. ग्रीन रिव्हर गावाजवळच्या सरकारी मापकावरचा क्युसेकचा ताजा आकडा घरबसल्या पाहता येतो. चांगल्या बर्फाच्या वर्षी मेअखेर ते जूनमध्ये तो वीस हजारांच्या आसपास जातो. तेव्हा प्रवाह पळवत नेतो, पण वाळूचे पट्टे बुडालेले असतात. मुक्कामाला जागा शोधत काठच्या टॅमरिस्कच्या जाळीत घुसावं लागतं, आणि त्या जाळीत डास वाट पाहत असतात. उन्हाळा सरताना प्रवाह दोन-तीन हजारांवर येतो, पांढरे पट्टे उघडे पडतात, आणि वल्हं जास्त मारावं लागलं तरी रात्री निवांत जातात. म्हणून जाणकार सप्टेंबर-ऑक्टोबर निवडतात.

या आकड्यामागे माणसाचा हातही आहे. वायोमिंगच्या सीमेजवळ युटामध्ये 1964 साली पूर्ण झालेलं फ्लेमिंग गॉर्ज धरण ग्रीन नदी अडवतं. त्याच्या खाली यांपा नदी येऊन मिळते. तिच्यावर मोठं धरण नाही, म्हणून वसंतातला पूर अजून टिकून आहे. 2022 मध्ये खालचा लेक पॉवेल जलाशय धोकादायक पातळीपर्यंत आटला, तेव्हा फ्लेमिंग गॉर्जमधून वर्षभरात पाच लाख एकर-फूट जादा पाणी सोडायचं ठरलं. त्या वर्षी होडीखालून गेलेल्या पाण्यातलं काही या निर्णयाचं होतं.

वारा मात्र कोणाच्या निर्णयाने चालत नाही. दुपारी तो अनेकदा समोरून येतो आणि भरलेली होडी जागच्या जागी धरून ठेवतो. म्हणून पहाटे निघायचं, दुपारपर्यंत मैल संपवायचे. होडी काठावर ओढली तरी बांधायचीच. रात्रीत पाणी चढतं किंवा वारा ती घेऊन जातो. ओढ्याच्या कोरड्या तोंडाशी तंबू ठोकायचा नाही. तीस मैलांवर पडलेला पाऊस तिथून भिंतीसारखा येऊ शकतो.

काठावरची पानं

लॅबिरिंथमध्ये शिरताना आधी गोलसर नवाहो वालुकाश्म दिसतो. नदी खाली जाते आणि थर वर चढत येतात, त्यामुळे प्रत्येक दिवशी अधिक जुना खडक समोर येतो: उभे विंगेट कडे, त्याखाली रंगीत चिनले थर, आणि स्टिलवॉटरमध्ये पांढऱ्या वालुकाश्माची कड. नागमोडी वळणं सपाट मैदानावरच्या नदीची असतात. इथे ती शेकडो फूट खोल खडकात आहेत. आधी नदी मैदानातून वळत होती. मग कोलोरॅडो पठार वर उचललं गेलं आणि नदीने आपली वळणं न सोडता खाली कापत नेलं. बोनॉट बेंड या वळणावर ती सुमारे सात मैलांचा फेरा मारून जवळजवळ तिथेच परत येते. मधल्या अरुंद खिंडीवर चढलं की एकच नदी दोन्ही बाजूंना दिसते.

1950 च्या दशकात चिनले थरांतल्या युरेनियमसाठी इथे झुंबड उडाली. हे जो घळीच्या तोंडाशी त्या काळची गंजलेली यंत्रं अजून पडली आहेत. हेल रोअरिंग घळीत त्याहून जुनी खूण आहे: डेनिस ज्युलियन या फ्रेंच वंशाच्या फासेपारध्याने 1836 च्या 3 मेला कोरलेलं नाव, आणि शेजारी डोलकाठी असलेली होडी. फोर्ट बॉटमला एका टेकाडावर पूर्वज प्युब्लो लोकांनी सात-आठशे वर्षांपूर्वी रचलेला दगडी बुरूज उभा आहे. तिथे चढताना पायवाट सोडायची नाही. मातीवरचा काळसर खरबरीत पापुद्रा जिवंत असतो. एका पावलाने मोडला तर भरून यायला अनेक वर्षं जातात.

या घळींना नावं दिली जॉन वेस्ली पॉवेलने. गृहयुद्धात उजवा हात गमावलेला हा माणूस 24 मे 1869 रोजी नऊ सोबती आणि चार होड्या घेऊन वायोमिंगहून निघाला. बरोबर दहा महिन्यांचा शिधा होता. पहिल्या काही आठवड्यांतच एक होडी फुटली आणि तिच्याबरोबर बराच शिधा गेला. जुलैच्या मध्यावर संगमाशी पोचल्यावर उरलेलं पीठ भिजून गाठी झालेलं निघालं. त्यांनी मच्छरदाणीच्या कापडाची चाळण केली, पीठ चाळलं आणि सुमारे 200 पौंड फेकून दिलं. पुढे कॅटरॅक्ट होती आणि त्यापुढे ग्रँड कॅन्यन. दहातले सहाच जण तो प्रवास पुरा करून बाहेर पडले. त्यांना शेवट कुठे आहे हेच माहीत नव्हतं, त्यामुळे शिध्याचा हिशेब मागून मांडायची सोयही नव्हती.

पॉवेल पोचला त्या संगमाला तेव्हा ग्रीन आणि ग्रँड या दोन नद्या मिळत, आणि कोलोरॅडो तिथून सुरू होई. 1921 मध्ये अमेरिकी काँग्रेसने ग्रँडलाच कोलोरॅडो म्हणायचं ठरवलं, कारण कोलोरॅडो राज्याला ते नाव आपल्या नदीसाठी हवं होतं. ग्रीन अधिक लांब असूनही उपनदी ठरली. 2019 मध्ये तिच्या लॅबिरिंथमधल्या पट्ट्याला संघराज्याच्या कायद्याने संरक्षित नदीचा दर्जा मिळाला.

पुढच्या सप्टेंबरात जायचं मनात असेल, तर कामं या क्रमाने करावीत. आधी जेटबोटीची तारीख. मग उद्यानाचा परवाना. मग मिनरल बॉटमपर्यंत सोडणारी गाडी. मोआबचे होडीवाले ती देतात, आणि संडासाचा डबा व लोखंडी परातही भाड्याने देतात. त्यानंतर दिवस, दिवसांवरून पाणी, पाण्यावरून शिधा. तिथे मोबाइल लागत नाही, म्हणून उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र, जादा वल्हं, प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट आणि होडीला ठिगळ लावायचं सामान. कयाक कोणती घ्यायची हा प्रश्न यादीत अगदी तळाशी येतो, आणि तिथवर पोचेपर्यंत त्याचं उत्तरही ठरलेलं असतं: 20 किलो पाणी जिच्यात मावेल ती. नाही मावलं, तर सरळ कनू घ्यावी.