छोटा कारागीर, मोठा बाजार

श्रोते हो, जत्रेतला बैलबाजार तुम्ही पाहिलेला आहे. विकणारा आपली जोडी घेऊन उभा असतो. घेणारा येतो, दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो, आणि मग रुमालाखाली बोटे धरून सौदा ठरतो. असाच बाजार वाद्यांचाही भरतो म्हणून सांगितले तर? भरतो बरं का, आणि फार मोठा भरतो.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात ॲनाहाइम नावाचे शहर आहे. तेथे बहुधा दर जानेवारीत वाद्यांचा व्यापारी मेळा भरतो. १९०१ साली स्थापन झालेली वाद्यव्यापाऱ्यांची 'नॅम' नावाची संस्था तो भरवते. जर्मनीत फ्रँकफुर्ट येथेही १९८० पासून २०१९ पर्यंत असा मेळा भरत असे. येथे येणारा गिऱ्हाईक म्हणजे वाजवणारा हौशी माणूस नव्हे, तर मुख्यतः दुकानदार. तो वाद्य हातात घेतो, वाजवून पाहतो, आणि मनास आले तर पुढच्या हंगामाची मागणी नोंदवतो. म्हणजे कारागिराने तेथे एखाददुसरी गिटार विकायची नसते; दुकानदाराचा भरवसा मिळवायचा असतो.

आता विचार करा, एकटा माणूस हाताने गिटारी घडवतो. वर्षाकाठी त्याच्या हातून दहा-पंधरा वाद्ये उतरतात. त्याने या मेळ्याला जावे की नाही? जायचे तर जागेचे भाडे, प्रवास, मुक्काम, वाद्यांची ने-आण. शिवाय तितके दिवस घरचे काम बंद. शेजारी मोठ्या कंपन्यांची दालने, आणि हजार माणसे एकाच वेळी वाद्ये वाजवताहेत असा गोंगाट. त्या गलक्यात लाकडी गिटारीचा नाजूक आवाज कोणाला ऐकू जाणार? मागणी आली नाही तर साठवलेले पैसे गेले. आणि फार मोठी आली तरी पंचाईतच! वर्षाला बारा गिटारी करणाऱ्याकडे कोणी शंभर मागितल्या, तर त्याने त्या द्यायच्या कशा? घाईने केल्या तर नाव जाते, वेळेवर दिल्या नाहीत तर गिऱ्हाईक जाते.

तरी अशा वाटेने एक माणूस पुढे गेला, त्याची हकिकत सांगतो. त्याचे नाव पॉल रीड स्मिथ. जन्म १९५६ सालचा. कॉलेजात असतानाच त्याने गिटार करायला घेतली आणि पुढे अमेरिकेतल्या अ‍ॅनापोलिस गावी पोटमाळ्यावर कारखाना मांडला. कारखाना कसला, एक बाकडे आणि हत्यारे. गावात मोठा जलसा असला की हा गडी रंगमंचाच्या मागच्या दाराशी आपली गिटार घेऊन हजर. नामांकित वादकांना म्हणायचा, "वाजवून पहा. मनापासून आवडली नाही तर पैसे परत." महिन्याला एखादी गिटार गेली की जागेचे भाडे निघे. १९८० साली कार्लोस सान्ताना या प्रख्यात वादकासाठी त्याने गिटार केली.

पण मोठे वादक मिळाले म्हणजे धंदा उभा राहिला असे नव्हे. त्याने दोन नमुन्याच्या गिटारी तयार केल्या, त्या गाडीत टाकल्या, आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची दुकाने एकामागून एक पालथी घातली. परत आला तो जवळजवळ तीन लाख डॉलरच्या मागण्या घेऊन. त्या आधारावर भांडवल उभे राहिले, आणि १९८५ साली त्याची कंपनी 'नॅम'च्या मेळ्यात आपला माल घेऊन उतरली. क्रम लक्षात घ्या, मंडळी. आधी वाद्य, मग वाजवणाऱ्याची पसंती, मग दुकानदाराचा शब्द, आणि शेवटी मेळा. मेळ्याने त्याला घडवले नाही. जे घडले होते ते मेळ्याने चारचौघांत दाखवले.

या नव्या गिटारीत वेगळे काय होते? सांगण्यासारखी एक गोष्ट म्हणजे तारेची लांबी. त्या काळी दोन मोठ्या कंपन्यांचा दबदबा होता. फेंडर कंपनीची तार साडेपंचवीस इंच, गिब्सन कंपनीची पावणेपंचवीस. एकाच सुराला लांब तार अधिक ताणावी लागते, म्हणून तिचा आवाज टणक आणि लख्ख. आखूड तार सैल असते, बोटाखाली सहज वाकते, आवाज थोडा मऊ. स्मिथने मधली वाट धरली: पंचवीस इंच. पुढे त्याने टेड मॅकार्टी यांना शोधून काढले. हे १९५० ते १९६६ गिब्सनचे अध्यक्ष होते. जुन्या पेटंटांच्या कागदांत त्यांचे नाव वाचून तो त्यांच्याकडे गेला आणि त्यांना सल्लागार केले. ज्यांच्याशी स्पर्धा करायची, त्यांच्याच जुन्या जाणत्या माणसाला गुरू मानण्याइतका तो शहाणा होता.

गुरुजी मंडळींनी हे वर्गात करून पाहावे. फळीवर दोन खिळ्यांमध्ये पंचवीस इंच तार ताणून बांधा. बरोबर मध्ये, साडेबारा इंचावर पाचर सरकवा. वरचा षड्ज ऐकू येईल. दोन तृतीयांश तार मोकळी ठेवा; पंचम येईल. गिटारीचे पडदे याच हिशेबाने बसवतात. उरलेल्या लांबीला दर वेळी सुमारे १७.८ ने भागायचे आणि तेवढे अंतर सोडून पडदा बसवायचा. पहिला पडदा सुमारे १.४ इंचावर, दुसरा त्यापुढे सुमारे १.३ इंचावर, आणि असे करत बारावा पडदा नेमका मध्यावर येतो. गणिताचा आणि संगीताचा तास एकाच तारेवर होतो, नाही का?

आता लाकडाकडे येऊ, कारण छोट्या कारागिराची खरी अडचण तेथे आहे. आपल्या पश्चिम घाटातली शिसव ही गिटारीच्या पाठीला आणि बाजूंना जगभर वापरतात. पूर्वी ब्राझीलच्या शिसवीला मान होता. तिचा तुटवडा पडू लागला, आणि अमेरिकेची जुनी मार्टिन कंपनी १९६९ साली आपल्या शिसवीकडे वळली. १९९२ मध्ये ब्राझीलच्या शिसवीच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय करारान्वये कडक बंदी आली. पुढे फर्निचरासाठी शिसवीच्या जातींची बेसुमार तोड होऊ लागली. तेव्हा २ जानेवारी २०१७ पासून जवळजवळ सर्वच शिसवी जातींच्या व्यापाराला परवाना आवश्यक ठरला. तोड मुख्यतः फर्निचरासाठी, पण कागदपत्रांची यातायात गिटारवाल्याच्याही माथी आली. मोठ्या कंपनीत हे पाहायला वेगळे कारकून असतात. एकट्या माणसाने गिटार घडवावी की परदेशी मेळ्याला नेण्यासाठी परवान्यामागे धावावे? वादक आणि कारागीर दोघांनीही गाऱ्हाणे मांडले. २०१९ च्या नोव्हेंबरअखेर तयार वाद्यांना या अटीतून सूट मिळाली. ब्राझीलच्या शिसवीवरची बंदी मात्र उठली नाही, आणि ते योग्यच झाले. झाड राहिले नाही तर कारागीर तरी कशावर हत्यार चालवणार?

आपल्या मिरजेची गोष्ट येथे आठवल्यावाचून राहत नाही. हत्यारे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथे तंतुवाद्ये करायला घेतली. पंढरपूर भागातला भोपळा, वर तबली, घोडी, खुंट्या, आणि जवारी काढणारा तयार हात! २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे आता गावाचे नाव ही कायद्याने राखलेली ठेव झाली. पण मानांकनाचा कागद स्वतः वाजत नाही. वाद्य घेणाऱ्याने ते मांडीवर घेऊन तार छेडली पाहिजे, आणि त्याचा चेहरा खुलला पाहिजे.

तेव्हा श्रोते हो, तुमच्या गावचा सुतार असो, कुंभार असो की ढोलकी मढवणारा असो, त्याने मोठ्या बाजाराला भिऊ नये, आणि भुलूही नये. जाण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. माझा माल जाणत्याने हाताळून पाहिला आहे का? मागणी आली तर मी ती चोख पुरी करू शकेन का? आणि माझा कच्चा माल उद्याही मिळणार आहे का? तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील, तर खुशाल गाठोडे बांधावे.