‘तू बटण दाब’पासून ‘तू कसा नाचशील?’पर्यंत

लोकलमध्ये नेटवर्क गेलं किंवा इअरफोन घरीच राहिला, म्हणून ज्यांचा हा भाग ऐकायचा राहून गेला, त्यांच्यासाठी तो इथे लिहून देतोय.

सुरुवात शाळेतल्या एका आठवणीने करतो. आमच्या वर्गात एक मुलगा होता, कुबड्या घेऊन चालायचा. गॅदरिंगच्या नाचात आम्ही बाराजण स्टेजवर आणि त्याच्याकडे काम काय, तर गाण्याचं बटण दाबायचं. आम्हाला वाटायचं, चला, त्यालाही सामील करून घेतलं! त्याला नाचायचं होतं का, हे कुणी विचारलंच नाही. मीपण नाही विचारलं.

आज ज्या शिकवण्याबद्दल बोलणार आहे, तिथे सुरुवातच या न विचारलेल्या प्रश्नापासून होते.

अमेरिकेत ऑरेगन राज्यात यूजीन नावाचं शहर आहे. तिथे १९८७ मध्ये अलिटो अलेसी आणि कॅरन नेल्सन या नर्तकांनी एक कार्यशाळा घेतली. अपंगत्व असलेले आणि नसलेले लोक एकाच खोलीत, एकत्र नाचायला. त्यातून ‘डान्सएबिलिटी’ ही पद्धत उभी राहिली आणि पुढे अनेक देशांत पोहोचली.

या पद्धतीचं मूळ आहे ‘कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन’मध्ये. नावाला घाबरू नका. १९७२ मध्ये स्टीव्ह पॅक्स्टन या नर्तकाने सुरू केलेला हा प्रकार. यात आधी बसवलेल्या स्टेप्स नसतात. दोन माणसं एकमेकांच्या अंगाचा भार, स्पर्श आणि तोल यांना प्रतिसाद देत नाचतात. आता बघा, स्टेप्सच ठरलेल्या नसतील तर ‘याला ती स्टेप जमत नाही’ हे वाक्यच गळून पडतं. समोरचं शरीर जसं आहे, तसं त्याच्याशी बोलायचं. मग ते व्हीलचेअरवर असो की दोन पायांवर.

पण मोकळं सोडून दिलं म्हणजे सगळे आपोआप सामील होतात असं नाही. म्हणून शिकवण्याची रीत लागते. डान्सएबिलिटीचा पाया एका साध्या कल्पनेवर आहे : खोलीत आज जी माणसं आली आहेत, त्या सगळ्यांना जे करता येतं ते आधी शोधा आणि तिथून सुरू करा. गणितात महत्तम साधारण विभाजक काढायचो ना आपण? तसंच काहीसं.

समजा वर्गात पाचजण आहेत. एकजण व्हीलचेअरवर, एकीला दिसत नाही, एकाला ऐकू येत नाही, एकाला फक्त मान आणि बोटं हलवता येतात आणि पाचवी रोज जिमला जाते. ‘उभे राहा आणि हात वर करा’ म्हटलं की पहिल्याच मिनिटाला दोघं बाहेर. पण ‘शरीराचा कुठलाही एक भाग हलवा, मग थांबा’ म्हटलं तर? पाचहीजण आत. ‘चाला’ऐवजी ‘जागा बदला’ म्हणता येतं. जागा चाकावर बदलता येते, सरपटत बदलता येते, कुणाच्या तरी मदतीनेही बदलता येते. सूचना बोलून द्यायची, खुणांनीही द्यायची, लागली तर स्पर्शानेही. म्हणजे बदल विद्यार्थ्यात नाही, शिक्षकाच्या वाक्यात करायचा. मला तरी या पद्धतीतली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते.

दुसरी गोष्ट वेळेची. सेरेब्रल पाल्सी असलेल्या माणसाला हात पुढे आणायला कदाचित वीस सेकंद लागतील. आपल्याला सवय असते त्याचा हात पटकन धरून पुढे आणायची. इथे तसं करत नाहीत. जोडीदाराने थांबायचं आणि ते वीस सेकंद नाचाचाच भाग समजायचे. गंमत म्हणजे यात खरी परीक्षा होते ती चपळ नर्तकाची. पटकन गिरकी घेणं त्याला येतं, पण थांबून ऐकणं नव्याने शिकावं लागतं.

आता तुमच्यातले काही म्हणतील, “अरे, हे सगळं ठीक आहे, पण यात नाचाचा दर्जा कुठे राहिला?” रास्त प्रश्न आहे. उत्तर असं, की सगळ्यांना जमतं तिथून फक्त सुरुवात करायची असते. ती हद्द नाही. पुढे प्रत्येकाने आपापल्या शरीरातून जितकं लांब जाता येईल तितकं जायचं.

त्यासाठी लंडनला जाऊया. सेलेस्ट डॅन्डेकर या तिथल्या व्यावसायिक नर्तिका. १९७३ मध्ये प्रयोग चालू असतानाच त्या पडल्या, मानेला इजा झाली आणि त्या व्हीलचेअरवर आल्या. त्यांचं नाचणं संपलं, असंच सगळ्यांना वाटलं. पण १९९१ मध्ये त्यांनी ॲडम बेंजामिन यांच्याबरोबर ‘कॅन्डोको’ ही नृत्यसंस्था सुरू केली, अपंग आणि अपंग नसलेल्या नर्तकांची. पुढे ट्रिशा ब्राउनसारख्या दिग्गज नृत्यदिग्दर्शिकेच्या गाजलेल्या रचनेवर आधारलेलं काम या संस्थेने केलं. प्रेक्षक ‘बिच्चारे’ म्हणून टाळ्या वाजवायला नाही, तर चांगला नाच बघायला यावेत, हा आग्रह त्यामागे होता.

आणि आपल्याकडे? पुण्यात नर्तक हृषीकेश पवार पार्किन्सन्स झालेल्या लोकांना नाच शिकवत आले आहेत. या आजारात हात थरथरतात, पाऊल अचानक अडतं. ताल कानावर पडला की अडलेलं पाऊल कित्येकदा उचललं जातं. पण अशा वर्गाला येणारा माणूस त्या तासापुरता पेशंट नसतो, विद्यार्थी असतो. हा फरक छोटा वाटला, तरी ज्याला दिवसभर सगळे ‘जपून हं’ एवढंच म्हणत असतात, त्याला विचारून बघा.

आपल्याकडच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही संस्कृती आणि करमणुकीसाठी वेगळं कलम आहे. म्हणजे नाच ही कुणी केलेली मेहेरबानी नाही. पण हक्क कागदावर असून भागत नाही. क्लास तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद असेल, तर शिक्षकाने कितीही गोड सूचना दिल्या तरी ऐकायला कोण पोहोचणार?

तेव्हा मंडळी, तुमच्यापैकी कुणी सोसायटीच्या गणपतीत किंवा कॉलेजच्या फेस्टमध्ये नाच बसवत असेल, तर एवढंच करा. स्टेप्स ठरवायच्या आधी कोण कोण आहे ते बघा. आणि जो बटणापाशी उभा आहे, त्याला विचारा, “तू कसा नाचशील?” तो ‘नाही’ म्हणाला तरी चालेल. काहींना खरंच बटण दाबायलाच आवडतं. पण ते त्याने ठरवलेलं असू दे.

माझ्या त्या वर्गमित्राला हा भाग मी पाठवणार आहे. वीस वर्षं उशीर झालाय, पण विचारतो तरी.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, आणि जमेल तसं नाचत राहा!