नस्य : नाकाच्या वाटेने औषध

सर्दी झाली किंवा डोके दुखू लागले की नाकात तुपाचे दोन थेंब सोडण्याचा सल्ला आपल्याकडे घरोघरी दिला जातो. या उपचारामागे एक जुने शास्त्र आहे. आयुर्वेदात त्याला 'नस्य' म्हणतात. वमन, विरेचन, दोन प्रकारचे बस्ती आणि नस्य अशी पाच शोधनकर्मे चरकसंहितेत सांगितली आहेत. नाक हे मस्तकाचे दार आहे, म्हणून मान व खांद्याच्या वरच्या भागातील विकारांवर त्या वाटेने औषध द्यावे, अशी यामागची कल्पना होय.

बौद्ध वाङ्मयात या उपचाराची फार जुनी नोंद आढळते. विनयपिटकातील महावग्गात आयुष्यमान पिलिंदवच्छ यांच्या मस्तकपीडेची हकीकत आहे. भगवान बुद्धांनी प्रथम डोक्याला तेल लावण्याची अनुज्ञा दिली. त्याने गुण आला नाही, तेव्हा नाकात औषध घालण्याची, म्हणजे 'नत्थुकम्मा'ची अनुज्ञा दिली. औषध बाहेर ओघळू लागले, म्हणून नळी आली. दोन नाकपुड्यांत औषध कमीजास्त पडू लागले, म्हणून जोडनळी आली. तरीही बरे वाटेना, तेव्हा औषधी धूर घेण्याची अनुज्ञा मिळाली. सोन्यारुप्याच्या नळ्या मात्र नाकारल्या गेल्या. हाड, शिंग, बांबू, लाकूड, शंख यांच्या नळ्या चालत. अडचण दिसली की उपाय बदलावा, ही दृष्टी येथे स्पष्ट दिसते.

त्याच ग्रंथात जीवकाची कथा आहे. तक्षशिलेत सात वर्षे शिकून परतताना साकेत नगरीत त्याला एक श्रेष्ठिपत्नी भेटली. तिचे डोके सात वर्षे दुखत होते आणि मोठमोठे वैद्य पैसे घेऊन गेले होते. जीवकाने गुण येईपर्यंत काही न घेण्याचे कबूल केले. ओंजळभर तूप औषधांबरोबर कढवून, तिला उताणी निजवून, ते त्याने नाकातून दिले. तूप तोंडावाटे बाहेर आले आणि ती बरी झाली, असे कथा सांगते.

पुढे वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या एका संपूर्ण अध्यायात नस्याची रीत दिली. तर्जनीची दोन पेरे तेलात बुडवून वर काढली असता जो गळतो तो एक थेंब, हे त्याचे माप. मोठ्या मात्रेच्या नस्याला दहा, आठ किंवा सहा थेंब, तर रोजच्या लहान नस्याला दोन थेंब. आधी डोके-चेहऱ्याला तेल व शेक द्यावा. रोग्याला उताणे निजवून डोके किंचित खाली ठेवावे. एक नाकपुडी बंद करून दुसरीत कोमट औषध सोडावे. घशात उतरलेले गिळू नये, थुंकून टाकावे. नुकतेच जेवलेल्याला, नुकतीच सर्दी झालेल्याला व गर्भवतीला हे नस्य वर्ज्य सांगितले आहे. सात वर्षांखालील मुलांना व ऐंशी वर्षांपुढील वृद्धांनाही ते देऊ नये, असे सांगितले आहे.

दोन थेंबांचे लहान नस्य मात्र जन्मापासून चालते, असे वाग्भट म्हणतो. येथे आजचे ज्ञान विचारात घेतले पाहिजे. तेल श्वासनलिकेत गेले तर खोकला येतोच असे नाही. ते हळूच फुफ्फुसात उतरते, तेथे साचते आणि सूज आणते. नाकात तेल सोडल्यानंतर होणाऱ्या अशा न्यूमोनियाचा अभ्यास लाफलेन यांनी 1925 साली प्रसिद्ध केला. तान्ह्या बाळाला थुंकता येत नाही, म्हणून त्याला धोका अधिक. बाळाला न्हाऊ घालताना नाकात तेल सोडण्याची चाल यासाठीच सोडून द्यावी. मालीश करावी, पण तेल नाकापर्यंत नेऊ नये.

मोठ्यांनीही नस्य जाणत्या वैद्याच्या देखरेखीखाली घ्यावे. ताप, नाकातून रक्त, नजर अंधुक होणे किंवा अचानक उठलेली तीव्र डोकेदुखी असेल तर थेंब घालत न बसता तातडीने डॉक्टरांना दाखवावे. पिलिंदवच्छांच्या बाबतीत गुण आला नाही तेव्हा उपाय बदलला गेला. तोच विचार आपणही करावा. सभासदांनी व विद्यार्थ्यांनी निदान तान्ह्या बाळांविषयीची ही गोष्ट आपल्या घरी व शेजारी अवश्य सांगावी, ही विनंती.