मुद्रित दस्तऐवजांवरील क्यूआर कोड

क्यूआर कोड ही काळ्या-पांढऱ्या चौकोनी घरांची द्विमितीय संकेताकृती आहे. ती प्रमाणपत्रे, ओळखपत्रे व पाठ्यपुस्तके यांवर छापल्यास कागदावरील मजकूर संगणकीय माहितीशी जोडता येतो, तसेच काही प्रकारांत दस्तऐवजाचा खरेपणाही पडताळता येतो.

इतिहास

जपानमधील डेन्सो उद्योगसमूहात मासाहिरो हारा यांच्या नेतृत्वाखाली १९९४ मध्ये वाहनांच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी हा कोड विकसित झाला. बारकोडमध्ये माहिती एकाच दिशेने मांडलेली असते. क्यूआर कोडमध्ये ती आडव्या व उभ्या अशा दोन्ही दिशांनी असल्याने कमी जागेत अधिक माहिती मावते. २००० साली त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला.

रचना

प्रमाणित कोडमध्ये २१×२१ ते १७७×१७७ घरे असतात. तीन कोपऱ्यांतील ठळक चौकोनांवरून कॅमेऱ्याला त्याचे स्थान व दिशा कळते. रीड–सॉलोमन पद्धतीने मूळ माहितीसोबत जादा संकेत साठवले जातात. त्यामुळे सर्वोच्च पातळीवर सुमारे ३० टक्के संकेत खराब झाले तरी माहिती परत मिळवता येते. घडी पडणाऱ्या व डागाळणाऱ्या कागदासाठी हा गुण महत्त्वाचा ठरतो.

उपयोगाचे प्रकार

पहिल्या प्रकारात कोडमध्ये केवळ संकेतस्थळाचा पत्ता किंवा ओळख क्रमांक असतो. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतील कोडद्वारे दीक्षा या शैक्षणिक मंचावरील पूरक साहित्य उघडते. छापील धडा न बदलता हे साहित्य अद्ययावत करता येते.

दुसऱ्या प्रकारात माहिती कोडमध्येच साठवून तिच्यावर डिजिटल स्वाक्षरी केलेली असते. आधारच्या सुरक्षित क्यूआर कोडमध्ये नाव, पत्ता, जन्मतारीख व छायाचित्र असते. ही स्वाक्षरी इंटरनेटविनाही तपासता येते.

मर्यादा

पहिल्या प्रकारातील कोड इंटरनेट नसल्यास किंवा संकेतस्थळ बंद पडल्यास निरुपयोगी ठरतो. छापील मजकूर मात्र वाचता येतो. कोड असणे हा खरेपणाचा पुरावा नव्हे, कारण कोणीही कोड तयार करून तो बनावट संकेतस्थळाकडे वळवू शकतो. म्हणून उघडणारा पत्ता अधिकृत आहे का, हे पाहणे आवश्यक असते.

डिजिटल स्वाक्षरीने कोडमधील माहितीची खात्री पटते, कागदावरील अक्षरांची नव्हे. छापील नाव किंवा जन्मतारीख बदललेली असू शकते. त्यामुळे कोडमधून मिळालेली माहिती छापील मजकुराशी आणि छायाचित्र प्रत्यक्ष व्यक्तीशी ताडून पाहिल्यावरच पडताळणी पूर्ण होते.