डोंगराळ प्रदेशातील वेगवान लोहमार्ग : कोकण रेल्वेच्या संदर्भात

प्रस्तावना
डोंगराळ प्रदेशातील लोहमार्गाची चर्चा बहुधा बोगद्यांची लांबी आणि पुलांची उंची यांभोवती फिरते. परंतु अशा मार्गावर गाडी प्रत्यक्षात किती वेगाने धावणार, हे केवळ या बांधकामांवर ठरत नाही. मार्गाच्या दोन्ही बाजूंस उभे राहिलेले डोंगरउतारही ते ठरवीत असतात. प्रस्तुत लेखात कोकण रेल्वेच्या उदाहरणाने हा संबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

वेगाची भूमिती
वळणावर गाडी बाहेरच्या बाजूस ढकलली जाते. हा परिणाम वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो व वळणाच्या त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. म्हणजेच वेग दुप्पट करावयाचा झाल्यास, अन्य बाबी समान असता, त्रिज्या चौपट ठेवावी लागते. बाहेरचा रूळ उंच ठेवून काही भरपाई करता येते. मात्र तिलाही मर्यादा आहे. चढाचेही तसेच. १८६३ मध्ये सुरू झालेल्या बोरघाटातील मार्गावर ३७ मीटर अंतरास १ मीटर इतका तीव्र चढ स्वीकारला गेला. कोकण रेल्वेने ही मर्यादा १५० मीटरला १ मीटर इतकी सौम्य ठेवली. १०० मीटर उंची गाठण्यास पहिल्या प्रमाणात ३.७ किमी अंतर पुरते, तर दुसऱ्यात १५ किमी लागते.

कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना १९९० मध्ये झाली. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली रोहा ते मंगळूरजवळील ठोकूर हा सुमारे ७४० किमीचा मार्ग बांधला गेला व १९९८ मध्ये तो संपूर्णपणे खुला झाला. ताशी १६० किमी वेग गृहीत धरून किमान त्रिज्या १२५० मीटर ठरविण्यात आली. सह्याद्रीच्या सोंडा आणि त्यांमधील नद्या ओलांडताना डोंगराला वळसा घालण्याची मुभा त्यामुळे उरली नाही. परिणामी ९१ बोगदे, रत्नागिरीजवळील ६.५ किमी लांबीचा करबुडे बोगदा आणि पानवल नदीवरील ६४ मीटर उंचीचा पूल हे सारे या आखणीतून ओघानेच आले.

भूस्तर आणि पाऊस
कठीण काळ्या पाषाणात यंत्रांच्या साहाय्याने बोगदे पाडता आले. खरी कसोटी लागली ती पाण्याने भिजलेल्या मऊ मातीत. गोव्यातील पेडण्याचा बोगदा केवळ दीड किमीच्या आसपास लांबीचा असूनही वारंवारच्या पडझडीमुळे रखडला आणि संपूर्ण मार्ग खुला होण्यासही विलंब झाला.

बोगदा टाळता येतो तेथे डोंगर कापून कटिंग केले जाते. दक्षिण कोकणात वर सच्छिद्र जांभा व त्याखाली चिकणमाती असा थर अनेक ठिकाणी आढळतो. पावसाचे पाणी जांभ्यातून झिरपून चिकणमातीपर्यंत पोहोचते व ती मऊ पडते. उन्हाळ्यात भिंतीसारखा उभा राहणारा काप पावसाळ्यात खचतो, तो यामुळे. उतार सौम्य ठेवावा, तर अधिक जमीन संपादित करावी लागते व अधिक माती उपसावी लागते. तो तीव्र ठेवल्यास ही बचत होते, पण धोका शिल्लक राहतो.

या धोक्याची किंमत प्रवाशांनी मोजली. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कोसळलेल्या दरडीमुळे विशेष गाडी घसरली आणि ५० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. १६ जून २००४ रोजी मत्स्यगंधा एक्सप्रेस करंजाडीजवळ दरडीच्या दगडांमुळे घसरून पुलावरून कोसळली. त्यानंतर उतार सौम्य करणे, जाळ्या बसविणे, पाण्याचा निचरा सुधारणे व पावसाळी गस्त यांवर मोठा भर देण्यात आला. तरीही पेडण्याच्या बोगद्यात ऑगस्ट २०२० मध्ये भिंतीचा भाग कोसळला आणि जुलै २०२४ मध्ये पाणी शिरून वाहतूक ठप्प झाली. पावसाळ्यासाठी गाड्यांचे वेळापत्रक वेगळे असते आणि मुसळधार पावसात दृश्यमानता घटल्यास वेग ताशी ४० किमीपर्यंत उतरविण्याच्या सूचना चालकांना दिल्या जातात. ताशी १६० किमीसाठी आखलेल्या मार्गावर त्या वेळी गाडी आखणीच्या एकचतुर्थांश वेगाने चालते.

निष्कर्ष
वरील विवेचनावरून दोन बाबी स्पष्ट होतात. आखणी वेगाची कमाल मर्यादा ठरविते, तर उतारांची स्थिरता त्या वेगाचा प्रत्यक्ष लाभ वर्षातील किती दिवस मिळेल हे ठरविते. म्हणून उतारांचे स्थिरीकरण व निचरा ही मार्ग पूर्ण झाल्यानंतरच्या देखभालीची बाब न मानता मूळ अंदाजपत्रकाचाच भाग मानली पाहिजे. मुंबई–अहमदाबाद मार्गावर ताशी ३२० किमी वेग योजिला असून पालघर जिल्ह्यात त्यासाठी डोंगरांतून बोगदे काढले जात आहेत. तेथेही बोगद्यांची मुखे कोकणच्याच पावसात उभी राहणार आहेत. वेग दुप्पट होताना उतारांविषयीची दक्षता निदान तितकीच वाढली नाही, तर कोकण रेल्वेने मोठी किंमत देऊन मिळविलेला धडा वाया जाईल.